पिकअपच्या मागे ट्रेलर : जोडण्यापूर्वी करायचा हिशेब

भंडारा जिल्ह्यात कापडाचा धंदा करणारे आपले अनेक बांधव दुकानात बसून गिऱ्हाइकाची वाट पाहत नाहीत. तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी, लाखांदूर अशा ठिकाणचे आठवडी बाजार आणि आजूबाजूच्या यात्रा हेच त्यांचे दुकान असते. नागपूरच्या गांधीबाग व इतवारीतून माल उचलायचा आणि गावोगाव फिरून विकायचा, हा आमचाही जुना व्यवसाय आहे. पूर्वी हा माल बैलगाडीवर, सायकलवर किंवा एस.टी.च्या टपावर जात असे. २००५ मध्ये टाटा एस म्हणजे लोकांच्या तोंडी असलेला 'छोटा हाथी' बाजारात आला. त्याच्या आगेमागे इतर कंपन्यांच्या पिकअप गाड्याही खेड्यापर्यंत पोहोचल्या आणि व्यापाऱ्याचा फेरा सोपा झाला.

आता या व्यापाऱ्यांमध्ये नवा विचार ऐकू येतो. पिकअपच्या मागे एक बंद ट्रेलर जोडावा, त्यात फळ्या व हँगर बसवून दुकान थाटावे आणि यात्रेच्या दिवसांत रात्री त्यातच झोपावे. विचार चांगला आहे. प्रतापगडच्या महाशिवरात्रीच्या यात्रेत किंवा गायमुखच्या यात्रेत ज्यांनी ताडपत्रीखाली मालाची राखण करीत रात्री काढल्या आहेत, त्यांना त्याचे मोल सांगावे लागणार नाही. पण ट्रेलर ही गाडीच्या मागे बांधलेली पेटी नव्हे. तिला स्वतःचा तोल असतो, स्वतःचा जोर असतो आणि कायद्याच्या दृष्टीने स्वतःची वेगळी ओळखही असते. तिचा हिशेब न करता जो ट्रेलर जोडतो तो माल, गाडी आणि जीव तिन्ही पणाला लावतो. म्हणून हा हिशेब येथे क्रमाने मांडत आहोत.

आधी शब्दांचा घोळ

आपल्याकडे 'कॅम्पर' म्हटले की कोणाला थंड पाण्याचा जार आठवतो, तर कोणाला महिंद्राची दोन रांगांच्या सीटची पिकअप. अमेरिका व युरोपात मात्र झोपण्याची, स्वयंपाकाची सोय असलेल्या वाहनाला कॅम्पर म्हणतात. जे स्वतःच्या इंजिनावर चालते ते एक आणि जे दुसऱ्या गाडीच्या मागे ओढले जाते ते कॅम्पर ट्रेलर. इंग्लंडमध्ये त्यालाच कॅराव्हॅन म्हणतात. हा शब्द मुळात फारसीतील 'कारवाँ' आहे. माल, जनावरे आणि माणसे घेऊन मजल दरमजल करणारा व्यापाऱ्यांचा काफिला म्हणजे कारवाँ. म्हणजे शब्दही व्यापाऱ्यांचा आणि गरजही व्यापाऱ्यांचीच. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये पर्यटनासाठी कॅराव्हॅन धोरण जाहीर केले, पण ते हौशी प्रवाशांसाठी आहे. आपला प्रश्न रोजीरोटीचा आहे.

आपल्या जिल्ह्यात मागे ओढायचे वाहन म्हणजे ट्रॅक्टरची ट्रॉली. धान, ऊस, विटा, रेती सर्व तिच्यातूनच जाते. त्यामुळे 'ट्रॉली ओढणे काय मोठे' असे वाटणे साहजिक आहे. परंतु ट्रॅक्टर आणि पिकअप यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ट्रॅक्टर मुळातच ओढण्यासाठी बनलेला असतो. त्याची मागची चाके मोठी व जड, हुक खाली आणि चाल संथ. पिकअप ही माल पाठीवर वाहण्यासाठी बनलेली गाडी आहे. तिचा वेग ट्रॅक्टरच्या दुप्पट-तिप्पट असतो. ट्रॉलीची सवय पिकअपला लावली की तेथूनच धोका सुरू होतो.

ओढण्याची ताकद नव्हे, थांबवण्याची ताकद

व्यापारी पहिला प्रश्न विचारतो तो हाच की, 'गाडी ओढेल काय?' हा प्रश्नच अपुरा आहे. आजकालचे डिझेल इंजिन पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये बरेच काही ओढून नेते. खरा प्रश्न असा की, समोर अचानक म्हैस आली तर गाडी थांबेल काय?

एक उदाहरण घेऊ. समजा पिकअपचे रिकामे वजन १७०० किलो आहे आणि तिच्यात १००० किलो माल भरला. एकूण झाले २७०० किलो. कंपनीने ब्रेक एवढ्याच बेताचे दिलेले आहेत. आता मागे ९०० किलोचा ट्रेलर लावला आणि त्याला स्वतःचे ब्रेक नाहीत. म्हणजे त्याच ब्रेकना ३६०० किलो थांबवायचे आहे. ओझे एका झटक्यात एक-तृतीयांशाने वाढले.

त्यात वेगाची भर पडते. वस्तूचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी ४० किलोमीटरच्या तुलनेत ६० किलोमीटरला वेग दीडपट होतो, पण जोर सव्वादोन पट होतो. म्हणून ४० ला जी गाडी सहज थांबते तीच ६० ला समोरच्यावर जाऊन आदळते. ब्रेक दाबल्यावर मागचा ट्रेलर आपल्या जोराने पिकअपला पुढे ढकलत असतो. रस्ता ओला असेल आणि गाडी जरा वळलेली असेल, तर हा धक्का पिकअपची मागची बाजू फिरवतो. गाडी आणि ट्रेलर चाकूच्या पात्यासारखे एकमेकांवर मिटतात. यातून गाडी सावरणे फार कठीण.

युरोपातील नियम येथे मार्गदर्शक आहे. तेथे ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसले तरी चालतात. त्यावरच्या ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत. त्यांपैकी एक साधा प्रकार असा की, पिकअप थांबू लागली की ट्रेलर पुढे सरकतो, त्या दाबाने दांडीतील दट्ट्या आत जातो आणि ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. ट्रेलर बनवून घेणाऱ्याने ही सोय पहिल्या दिवसापासून करून घ्यावी. चार पैसे वाचवण्याची ही जागा नव्हे.

वजन अंदाजाने नव्हे, काट्यावर

कापडाचे वजन फसवे असते. लोखंड पाहताच जड वाटते, कापड वाटत नाही. पण हिशेब करा. समजा एक सुती साडी अर्ध्या किलोची धरली, तर हजार साड्या म्हणजे ५०० किलो. चादर सव्वा किलोची धरली तर २०० चादरी म्हणजे २५० किलो. फळ्या, हँगर, टेबल, बॅटरी, पाण्याचे पिंप आणि अंथरूण वेगळे. २०० लिटरच्या पिंपातले पाणीच २०० किलो भरते. पावसात गाठी भिजल्या तर सुती माल पाणी पिऊन आणखी जड होतो.

म्हणून ट्रेलर पूर्ण भरून एकदा तरी धरमकाट्यावर न्यावा. तुमसरसारख्या तांदळाच्या बाजारपेठेत काट्यांना तोटा नाही. तेथे तीन वजने घ्यावीत. भरलेली पिकअप एकटी, भरलेला ट्रेलर एकटा आणि दोन्ही जोडलेली. हे आकडे नोंदणी पुस्तकातील कमाल वजनाशी ताडून पाहावेत. पिकअपच्या पुस्तिकेत ट्रेलर किती वजनाचा ओढता येईल याचा आकडा दिलेला असेल तर तो अंतिम समजावा. आकडा दिलेलाच नसेल तर कंपनीने त्या गाडीला ट्रेलरची परवानगी दिली आहे असे गृहीत धरू नये. विक्रेत्याच्या तोंडी भरवशावर न राहता कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे. बाहेरच्या देशात एखाद्या पिकअपला साडेतीन टन ओढण्याची मुभा असते, असे ऐकून आपणही ओढू असे कोणी म्हणू नये. तेथील हुक, ब्रेक, चेसिस आणि ट्रेलर सर्व त्या हिशेबाने तपासलेले असतात.

तोल : बैलगाडीचा जुना धडा

आपल्या भागातील जुन्या गाडीवानाला हा विषय शिकवावा लागत नाही. खाचरात माल मागच्या बाजूला जास्त झाला की गाडी उलाळ होते. धुरा वर उचलली जाते आणि जू बैलांच्या मानेवरून वर ओढले जाते. माल फार पुढे आला तर सगळे ओझे बैलांच्या मानेवर पडते आणि जनावर दमून बसते. म्हणून गाडीवान माल भरताना अधूनमधून धुरा हाताने उचलून पाहतो. धुरा हलकेच खाली दबली पाहिजे, एवढेच त्याचे माप.

ट्रेलरचा नियम अगदी हाच आहे. ट्रेलरची दांडी पिकअपच्या हुकावर थोडी दाबलेली असली पाहिजे. अमेरिकेत साधारण असे मानतात की ट्रेलरच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार दांडीवर असावा. ९०० किलोच्या ट्रेलरला हा भार ९० ते १३५ किलो होतो. युरोपातील ट्रेलर कमी वेगाने आणि वेगळ्या बांधणीने चालतात, तेथे हे प्रमाण यापेक्षा कमी ठेवतात. पण दांडी वर उचलली जाणे कोठेही चालत नाही.

भार मोजण्याची रीत सोपी आहे. ट्रेलर सपाट जमिनीवर उभा करून चाकांना लाकडी गुटके लावावेत. दुकानातील किंवा गोदामातील २०० किलोचा वजनकाटा दांडीच्या टोकाखाली ठेवावा. दांडी जोडल्यावर जेवढ्या उंचीवर राहते तेवढ्याच उंचीवर येईल असा ठोकळा काट्यावर ठेवून दांडी त्यावर टेकवावी. ठोकळ्याचे वजन वजा केले की उरेल तो दांडीचा भार.

भार कमी भरला तर माल पुढे सरकवावा. समजा चाकांपासून हुकापर्यंतचे अंतर ३ मीटर आहे. १०० किलोची गाठ १ मीटर पुढे सरकवली तर दांडीवरचा भार साधारण ३३ किलोने वाढतो. एवढ्याशा बदलाने ट्रेलरची चाल बदलते. बाजारात माल विकला जातो तसा तोलही बदलत जातो. पुढची फळी रिकामी झाली आणि मागची तशीच राहिली तर सकाळी सरळ चाललेला ट्रेलर संध्याकाळी उलाळ होतो. म्हणून परतताना उरलेला माल पुन्हा लावून मगच निघावे.

दांडीवरचा भार पिकअपच्याच मालात धरावा लागतो, ही बाबही अनेकांच्या लक्षात येत नाही. त्यातही तो मागच्या चाकांच्या मागे पडतो. समजा हुक मागच्या चाकांच्या १ मीटर मागे आहे आणि पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर ३ मीटर आहे. ९० किलो भार हुकावर आला की मागच्या चाकांवर १२० किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरचे ३० किलो कमी होतात. पुढची चाके हलकी झाली की स्टेअरिंगची पकड कमी होते. म्हणून पिकअप आधीच काठोकाठ भरलेली असेल तर मागे ट्रेलर लावू नये.

ट्रेलर शेपूट हलवू लागला तर

मागे जड आणि पुढे हलका ट्रेलर वेग वाढताच डावी-उजवीकडे झुलू लागतो. आधी थोडा, मग जास्त, शेवटी पिकअपलाही सोबत हलवतो. शेजारून मोठा ट्रक भरधाव गेला किंवा वैनगंगेच्या पुलावर आडवा वारा लागला की उंच, बंद पेटीचा ट्रेलर एकदम झोका घेतो. राष्ट्रीय महामार्ग ५३, म्हणजे पूर्वीचा ६ क्रमांकाचा महामार्ग, आपल्या जिल्ह्यातून जातो. त्यावर अवजड वाहनांची रीघ असते. त्यामुळे हा प्रसंग कोणावरही येऊ शकतो.

अशा वेळी दोन चुका जीवघेण्या ठरतात. जोरात ब्रेक मारणे ही पहिली. स्टेअरिंग उलटसुलट फिरवून ट्रेलरला सरळ करू पाहणे ही दुसरी. तिसरीही एक आहे. वेग वाढवून ट्रेलर ताणून धरू, असे काही ड्रायव्हर म्हणतात. वेग वाढला की झुलणेही वाढते. योग्य उपाय असा की, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय सोडावा, स्टेअरिंग दोन्ही हातांनी सरळ घट्ट धरावे आणि गाडीचा वेग आपोआप उतरू द्यावा. वेग कमी झाला की ट्रेलर शांत होतो. मग सुरक्षित जागी थांबून माल पुन्हा लावावा. नुसते 'आता बरे झाले' म्हणून पुढे जाऊ नये. झुलणे हे तोल बिघडल्याचे लक्षण असते आणि ते पुन्हा येणारच.

ब्रिटनमध्ये ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ताशी ५० मैल, म्हणजे सुमारे ८० किलोमीटरची मर्यादा आहे, आणि तेथील रस्ते व ट्रेलर दोन्ही तपासणीतले असतात. आपल्या रस्त्यांवर आम्ही ४० ते ५० किलोमीटर हीच चाल सुचवू. बाजाराला अर्धा तास उशीर झाला तर दोन गिऱ्हाइके जातील, त्यापलीकडे काही जाणार नाही.

हुक, साखळी आणि दिवे

गावातल्या वेल्डरकडून पिकअपच्या मागच्या बंपरला हुक ठोकून घेणे हा सर्वांत मोठा अविचार. बंपर हा पत्रा असतो. ओढण्याचा ताण चेसिसवरच पडला पाहिजे. तोही योग्य जाडीच्या पट्टीने व नटबोल्टने, दोन्ही बाजूंना वाटून. चेसिसवर कोठेही वेल्डिंग केले तर त्या जागी लोखंड कमजोर होऊन तडा जाण्याची भीती असते.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला हुक आणि पिन असते. तिच्यात थोडी ढिलाई राहते, आणि संथ चालीला ती चालते. पिकअपच्या वेगाला तीच ढिलाई प्रत्येक खड्ड्यात हातोड्यासारखी आदळते. त्यासाठी गोळा आणि वाटी असा जोड चांगला. पिकअपवर लोखंडी गोळा, ट्रेलरच्या दांडीला त्यावर बसणारी वाटी आणि वाटी निसटू नये म्हणून खालून चाप. येथे एक बारीक गोष्ट सांभाळावी. युरोपातील गोळा ५० मिलिमीटरचा असतो आणि अमेरिकेतील २ इंचांचा, म्हणजे ५०.८ मिलिमीटरचा. फरक एका मिलिमीटरपेक्षाही कमी, पण २ इंची वाटी ५० च्या गोळ्यावर सैल बसते. गोळा आणि वाटी दोन्ही एकाच मापाचे घ्यावेत.

जोड कितीही पक्का असला तरी दोन साखळ्या हव्यातच. त्या दांडीखालून एकमेकींना छेद देऊन बांधाव्यात. जोड निसटला तर दांडी रस्त्यात न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडते आणि ट्रेलर गाडीमागेच राहतो. साखळी वळणावर ताणली जाणार नाही इतकी लांब असावी, पण रस्त्यावर घासणार नाही इतकी आखूड.

ट्रेलरच्या मागे ब्रेकचा दिवा, दोन्ही बाजूंचे इंडिकेटर, रात्रीचा लाल दिवा आणि लाल रिफ्लेक्टर असलेच पाहिजेत. धानाच्या किंवा उसाच्या हंगामात रस्त्याच्या कडेला विनादिव्याची ट्रॉली उभी असते आणि मागून येणारा मोटारसायकलवाला अंधारात तिच्यावर जाऊन आदळतो, हे दृश्य आपल्या भागात नवे नाही. दुसऱ्याच्या ट्रॉलीबद्दल जो राग आपल्याला येतो तो आपल्या ट्रेलरबद्दल कोणाला येऊ नये.

टायरवर लिहिलेली भार व हवेची मर्यादा वाचावी. यात्रा संपली की ट्रेलर महिनोन्‌महिने उभा राहतो, तेव्हा टायर न झिजताही जुने होऊन तडकतात. निघाल्यावर पंधरा-वीस किलोमीटरवर थांबून चाकाच्या हबजवळ सावधपणे हात न्यावा. चटका बसण्याइतकी ऊब जाणवली तर बेअरिंग किंवा ब्रेक अडकत आहे असे समजावे.

वळण आणि मागे घेणे

वळणावर ट्रेलरची चाके पिकअपच्या चाकांच्या रेषेवरून जात नाहीत. ती आतल्या बाजूने कापत जातात. बाजारपेठेच्या गल्लीत आतल्या बाजूला माणूस, हातगाडी किंवा नाली असते. म्हणून वळण रुंद घ्यावे आणि आतल्या बाजूच्या आरशात पाहत राहावे. ट्रेलर पिकअपपेक्षा रुंद असेल तर लांब दांड्याचे आरसे लावावेत.

मागे घेताना सर्व उलटे होते. स्टेअरिंग डावीकडे फिरवले की ट्रेलर उजवीकडे जातो. यासाठी एक युक्ती आहे. हात स्टेअरिंगच्या खालच्या बाजूला धरावा. मग हात जिकडे न्याल तिकडे ट्रेलर जातो. थोडे थोडे फिरवावे. ट्रेलर फार वळला तर ओढाताण न करता पुढे येऊन पुन्हा सरळ व्हावे. मोकळ्या मैदानात दोन दिवस सराव केल्याशिवाय बाजारात जाऊ नये. मागे एक माणूस उभा करावा, पण तो आरशात दिसेल अशा जागी.

कायदा आणि कागदपत्रे

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रेलर हे नोंदणी करावयाचे स्वतंत्र वाहन आहे. कलम ६१ सांगते की, वाहनांच्या नोंदणीच्या तरतुदी ट्रेलरलाही लागू आहेत. ट्रेलरचा स्वतःचा क्रमांक त्याच्या बाजूवर लिहावा लागतो आणि ओढणाऱ्या गाडीचा क्रमांकही ट्रेलरवर दिसला पाहिजे. म्हणजे एम.एच. ३६ ची आपली पिकअप पूर्ण कागदपत्रांची असली तरी मागचा घरी बनवलेला ट्रेलर बेकायदेशीर असू शकतो. कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या स्वरूपाच्या विरुद्ध गाडीत फेरफार करता येत नाही. म्हणून हुक बसवण्यापूर्वी आणि ट्रेलर बनवायला टाकण्यापूर्वी परिवहन कार्यालयात आराखडा दाखवून विचारावे. ट्रेलर बनवून मग कागद शोधणारा बहुधा पैसे बुडवतो.

ज्या मालवाहू गाडीचे एकूण वजन ३००० किलोच्या आत आहे, तिला कलम ६६ खाली परमिट लागत नाही. या सवलतीवर अनेक छोटे व्यापारी चालतात. ट्रेलर जोडल्यावर आपली स्थिती काय राहते, हे त्याच कार्यालयातून लेखी घ्यावे. जादा वजनाचा दंड १ सप्टेंबर २०१९ पासून केंद्रीय कायद्यात २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनाला २ हजार रुपये असा झाला आहे. एका यात्रेचा नफा त्यात सहज निघून जातो.

लायसन्सबाबत दिलासा देणारे दोन निकाल आहेत. ट्रॅक्टरचे वैध लायसन्स असलेल्या माणसाने ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली म्हणून त्याचे लायसन्स निरुपयोगी ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये म्हटले. हलक्या वाहनाचे लायसन्स असलेला माणूस ७५०० किलोच्या आतील मालवाहू गाडीही चालवू शकतो, हे घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केले. पण लायसन्स म्हणजे विमा नव्हे. ट्रेलरचा क्रमांक पॉलिसीत स्वतंत्रपणे लिहून त्याचा हप्ता भरलेला असावा. पिकअपच्या पॉलिसीत ट्रेलरही आलाच, असे समजणारा माणूस अपघातानंतर कोर्टाच्या पायऱ्या चढतो. ज्याचा जीव गेला त्याच्या घरच्यांची भरपाई मग मालकाच्या घरादारातून वसूल होऊ शकते. तिसऱ्या पक्षाचा विमा कायद्याने सक्तीचा आहे तो याचसाठी.

चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवू नये. मदतनीस पोरगा मालावर झोपून येतो, ही सवय ताबडतोब बंद करावी. झुलणाऱ्या, बंद पेटीतून त्याची हाकही ड्रायव्हरला ऐकू येत नाही.

ट्रेलरमध्ये मुक्काम

यात्रेत मुक्काम करायचा तर ट्रेलर सपाट जागी लावून चाकांना गुटके द्यावेत आणि चारही कोपऱ्यांखाली टेकू द्यावा. नाहीतर मागच्या दारात दोन माणसे चढताच दांडी वर उचलली जाते.

आगीचा विचार सर्वांत आधी. कापडाने भरलेल्या बंद पेटीत स्टोव्ह, अगरबत्ती किंवा डासांची कॉइल पेटवणे म्हणजे संकटाला घरी बोलावणे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो फरशीवर साचतो आणि वरची खिडकी उघडी असूनही बाहेर जात नाही. म्हणून सिलिंडर व शेगडी बाहेर, ट्रेलरपासून दूर ठेवावी. थंडीत शेकोटीचे निखारे आत घेऊन झोपू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस झोपेतच जातो. दार आतून उघडता आले पाहिजे आणि दुसरी वाट म्हणून एक मोठी खिडकी असावी. दिव्यासाठी बॅटरीवरचे एल.ई.डी. बल्ब पुरेत. एक अग्निशामक नळकांडे दाराजवळ असावे.

घ्यावा की घेऊ नये?

एवढे वाचून वाचक विचारतील की, मग आमचा सल्ला काय? व्यापारी म्हणून उत्तर सरळ देतो.

जो व्यापारी रोज एका गावचा बाजार करून रात्री घरी येतो, त्याला ट्रेलरची गरज नाही. माल जास्त असेल तर थोडी मोठी पिकअप घेऊन तिच्यावर बंद बॉडी बसवणे किफायतशीर पडते. एकच नोंदणी, एकच विमा, चारच टायर आणि मागे घेण्याची कटकट नाही.

ज्याचा मुक्काम एका जागी पाच-आठ दिवस असतो, त्याला मात्र ट्रेलर उपयोगी आहे. ट्रेलर यात्रेत दुकान म्हणून उभा राहतो आणि पिकअप मोकळी होते. ती नागपूरहून नवा माल किंवा मोहाडी-आंधळगावच्या विणकरांकडून टसरचे कापड आणू शकते. हाच ट्रेलरचा खरा नफा. वर्षात असे किती दिवस मिळतात ते मोजावे आणि ट्रेलर, ब्रेक, नोंदणी, विमा, टायर यांचा खर्च त्या दिवसांवर वाटावा. दर दिवसाचा आकडा यात्रेतील भाड्याच्या गाळ्यापेक्षा कमी आला तर जरूर घ्यावा. दोन-तीन भावांनी किंवा शेजारी व्यापाऱ्यांनी मिळून घेतला तर आणखी परवडेल, मात्र नोंदणी कोणाच्या नावे आणि जबाबदारी कोणाची, हे आधी कागदावर लिहून घ्यावे.

ज्यांनी निर्णय घेतला आहे त्यांनी निघण्यापूर्वी प्रत्येक वेळी या गोष्टी तपासाव्यात :

१. ट्रेलरचे वजन काट्यावर केलेले आहे आणि ते मर्यादेत आहे.
२. जड माल चाकांच्या वर व जरा पुढे, हलका माल वर व मागे. दांडी हुकावर दाबलेली आहे.
३. वाटी गोळ्यावर पूर्ण बसली, चाप लागला, पिन घातली.
४. दोन्ही साखळ्या दांडीखालून छेद देऊन बांधल्या.
५. ब्रेकचा दिवा व इंडिकेटर दुसऱ्या माणसाला मागे उभे करून पाहिले.
६. ट्रेलरच्या टायरची हवा तपासली, नट आवळले, एक जादा चाक सोबत घेतले.
७. मोकळ्या जागी ताशी दहा-पंधराच्या वेगाने ब्रेक दाबून पाहिले.
८. ट्रेलरची नोंदणी व विमा यांचे कागद गाडीत आहेत.
९. आत माणूस नाही, शेगडी पेटलेली नाही, दार बंद आहे.

या तपासणीला दहा मिनिटे पुरतात. रस्त्यावर आपल्या मागे येणारा मोटारसायकलवाला आणि बाजाराच्या गल्लीत आतल्या बाजूला उभे असलेले पोर, हे दोघेही या दहा मिनिटांवर विसंबून असतात.